पिचरने फलंदाजी करावी का? ओतानीच्या एका सामन्यानंतर पडलेले काही प्रश्न

पूर्वरंग

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स आणि मिलवॉकी ब्रुअर्स यांच्यात नॅशनल लीगच्या (अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) अंतिम मालिकेचा चौथा सामना झाला. त्या सामन्यात डॉजर्सच्या शोहेई ओतानी या जपानी खेळाडूने सहा इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी) पूर्ण टाकून सातव्या इनिंगमध्येही पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणे, सुरू केले, एकही धाव दिली नाही, दहा फलंदाजांना स्ट्राइकआउट केले (तीन स्ट्राइकवर बाद केले) आणि स्वतः तीन होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले. डॉजर्सने सामना ५-१ असा जिंकला आणि मालिकाही तिथेच संपली. मी बेसबॉल गेली पाच-सहा वर्षे नियमितपणे पाहतो. एकाच माणसाने एकाच संध्याकाळी चेंडू टाकण्याचे आणि टोलवण्याचे काम या पातळीवर केलेले मी तोवर पाहिले नव्हते.

त्यानंतर मनात जे प्रश्न आले, ते या चर्चामंचावरच्या जाणकारांपुढे ठेवतो. पिचरऐवजी दुसऱ्याच खेळाडूने फलंदाजी करण्याचा नियम, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर किंवा डीएच, अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून होता आणि नॅशनल लीगने तो २०२२ मध्ये कायमचा स्वीकारला. पिचरला फलंदाजी जमत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण सांगितले गेले. मग ओतानीला ती कशी जमते? पिचरच्या शरीरात किंवा कामात असे काही आहे का, की ज्यामुळे तो फलंदाज होऊच शकत नाही, की त्याला फलंदाजी शिकवणेच थांबवले गेले? क्रिकेट पाहत वाढल्यामुळे मला अकराव्या क्रमांकाचा फलंदाज लवकर बाद होतो यात काही वावगे वाटत नाही. मग बेसबॉलमध्ये ही गोष्ट नियम बदलण्याइतकी का खुपली?

एक छोटी शंकाही आहे. ओतानीचा तिसरा होम रन सातव्या इनिंगच्या उत्तरार्धात आला. तोपर्यंत त्याच्या जागी दुसरा पिचर आलेला होता. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू परत येऊ शकत नाही, असे मी समजत होतो. मग तो फलंदाजीला कसा आला?

तिसरा बेस

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिच्यात आहे.

मूळ नियमानुसार डीएच हा पिचरच्या जागी फलंदाजी करणारा वेगळा खेळाडू असे. एखाद्या संघाने आपल्या पिचरलाच फलंदाजी करू द्यायची ठरवली, तर त्या सामन्यापुरता डीएच सोडून द्यावा लागे. २०२१ मध्ये ओतानी एंजल्सकडून खेळत होता, तेव्हा हीच अडचण वारंवार येत असे. पिचिंगच्या दिवशी त्याने फलंदाजीही करायची, तर त्याला माउंडवरून (पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा) उतरवल्यावर दोनच मार्ग उरत : त्याला सामन्यातून पूर्ण काढायचे, किंवा आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, क्षेत्ररक्षणाला उभे करायचे. एंजल्सने काही सामन्यांत त्याला खरोखरच आउटफिल्डमध्ये पाठवले होते. त्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यापुरता एक खास अपवाद करण्यात आला आणि २०२२ पासून तो अपवाद नियमच झाला. आता सुरुवातीचा पिचर स्वतःच डीएच म्हणूनही नोंदवला जाऊ शकतो; या दोन भूमिका स्वतंत्र मानल्या जातात, त्यामुळे पिचिंग संपले तरी डीएच म्हणून तो सामन्यात राहतो. सगळे याला ओतानीचा नियम म्हणतात.

म्हणजे आपण पाहिलेला तिसरा होम रन मारणारा माणूस नियमाच्या भाषेत त्या क्षणी पिचर नव्हता, डीएच होता. पिचरला फलंदाजीतून मुक्त करण्यासाठी जो नियम आणला गेला, त्याच नियमाच्या आधाराने आजचा सर्वांत मोठा फलंदाजी करणारा पिचर उभा आहे.

क्रिकेटच्या तुलनेबद्दल एवढेच सांगतो की, अकरावा फलंदाज डावाच्या शेवटी एकदाच येतो आणि नऊ गडी लवकर बाद झाले नाहीत तर येतही नाही. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम चक्रासारखा फिरत राहतो. नवव्या क्रमांकाचा फलंदाज सामन्यात साधारण चार वेळा येतोच, मग बेसवर तीन धावपटू उभे असोत किंवा कोणी नसो. त्यामुळे तिथला दुबळेपणा शेपटाला जाऊन लपत नाही. तो दर दोन-तीन इनिंगनंतर समोर येऊन उभा राहतो.

जुने स्कोअरकार्ड

पिचर फलंदाज होऊ शकत नाही, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. या विषयावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, त्याबद्दल क्षमस्व.

बेब रूथचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण तो आधी पिचर होता आणि साधासुधा नव्हता, हे अनेकांच्या ध्यानात नसते. १९१६ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून त्याने २३ सामने जिंकले आणि १.७५ च्या ईआरएने (पिचरने दर नऊ इनिंगमागे सरासरी दिलेल्या धावा; जितक्या कमी तितके चांगले) तो अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. वर्ल्ड सीरिजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) त्याने सलग २९ आणि दोन तृतीयांश इनिंगमध्ये धाव दिली नव्हती, आणि तो विक्रम १९६१ पर्यंत अबाधित राहिला. १९१८ मध्ये त्याने १३ सामने जिंकले आणि ११ होम रन मारले. त्या काळी ११ होम रन लीगमध्ये सर्वाधिक होते. १९१९ मध्ये २९ होम रन झाले आणि त्यानंतर यांकीजकडे गेल्यावर त्याचे पिचिंग जवळपास थांबले. रोज खेळणाऱ्या फलंदाजाला चार-पाच दिवसांतून एकदा टाकणारा पिचर म्हणून का अडकवायचे, असा हिशेब मांडला गेला. हाच हिशेब पुढे प्रत्येक दुहेरी खेळाडूच्या वाट्याला आला.

पण रूथ हा एकमेव नव्हता. वेस फेरेलने १९३१ च्या हंगामात पिचर असताना ९ होम रन मारले आणि त्याच वर्षी टाकलेल्या नो-हिटर सामन्यात (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न दिलेल्या) स्वतः होम रनही मारला. पिचर म्हणून खेळताना त्याच्या नावावर ३७ होम रन आहेत. वॉल्टर जॉन्सन तर केवळ वेगासाठी ओळखला जातो, पण १९२५ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी (एकूण पाळ्यांपैकी किती पाळ्यांत हिट मिळाला, त्याचे प्रमाण) ०.४३३ होती. डॉन न्यूकॉम्बने १९५५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून २० सामने जिंकताना ०.३५९ च्या सरासरीने ७ होम रन मारले, आणि ज्या दिवशी पिचिंग नसे त्या दिवशीही त्याला पिंच हिटर, म्हणजे ऐन वेळचा बदली फलंदाज, म्हणून पाठवले जाई. वॉरन स्पान या डावखुऱ्या पिचरने कारकिर्दीत ३६३ सामने जिंकले आणि त्याचे हिट्सही बरोबर ३६३ झाले. त्यांपैकी ३५ होम रन होते. ३ जुलै १९६६ रोजी अटलांटाच्या टोनी क्लोनिंगरने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एकाच सामन्यात दोन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर धावपटू असतानाचे होम रन) मारले आणि एकूण ९ धावा घडवल्या. २३ जून १९७१ रोजी रिक वाइजने सिनसिनाटीला एकही हिट मिळू दिला नाही आणि स्वतः दोन होम रन मारले. या सामन्याचा धावफलक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी, असे वाटून पुन्हा तपासला होता.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मेजर लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद ठेवले त्या काळात निग्रो लीगमध्ये, म्हणजे त्यांच्या वेगळ्या लीगमध्ये, पिचरने फलंदाजी करणे नित्याचे होते. संघात खेळाडू मोजके असत आणि जो चांगला खेळतो त्याला रोज खेळवावे लागे. बुलेट जो रोगन माउंडवर जितका अवघड होता तितकाच बॅट हातात घेतल्यावर. क्यूबाचा मार्तीन दिहिगो जवळजवळ प्रत्येक जागी खेळला आणि क्यूबा, मेक्सिको व अमेरिका या तिन्ही देशांच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले. ओतानीच्या निमित्ताने 'रूथनंतर प्रथमच' असे वाक्य आपण सर्रास वाचतो. त्या वाक्यातून रोगन आणि दिहिगो अलगद गळून जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बुलपेन

वरील नावे आदराने वाचली. तरीही ती अपवादांची नावे आहेत, हे मान्य केल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही. अपवादांच्या बळावर नियम ठरवायचा का, हा खरा प्रश्न आहे.

२०२१ हा नॅशनल लीगमध्ये पिचरने फलंदाजी करण्याचा शेवटचा हंगाम. त्या वर्षी सर्व पिचरांची मिळून सरासरी ०.११० होती, तर मेजर लीगची एकूण सरासरी ०.२४४. पिचर फलंदाजीला आला की दर दहापैकी चारपेक्षा अधिक वेळा स्ट्राइकआउट होऊन परत जात असे. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने हे दृश्य सामन्यात दोन-तीनदा का पाहावे? मीही ते वर्षानुवर्षे पाहिले आहे. नववा फलंदाज येताना दिसला की लोक आसने सोडून उठत.

डीएच ही काही अलीकडच्या व्यापारी डोक्यातून निघालेली कल्पना नाही. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे मॅनेजर कॉनी मॅक यांनी १९०६ मध्येच ती मांडली होती, कारण एडी प्लँक आणि चीफ बेंडर या आपल्या उत्तम पिचरांची फलंदाजी त्यांना पाहवत नव्हती. १९२८ मध्ये नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांनी दहाव्या खेळाडूचा प्रस्ताव आणला आणि त्या वेळी विरोध केला तो अमेरिकन लीगने. पुढे १९६८ मध्ये पिचरांचे वर्चस्व इतके वाढले की बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ झाला आणि अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की केवळ ०.३०१ च्या सरासरीवर फलंदाजीत पहिला आला. माउंडची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणूनही अमेरिकन लीगची अडचण सुटली नाही. १९७२ मध्ये त्या लीगची सरासरी ०.२३९ इतकी खाली गेली होती. ११ जानेवारी १९७३ रोजी संघमालकांनी ८ विरुद्ध ४ मतांनी डीएच स्वीकारला आणि त्याच वर्षी सरासरी ०.२५९ वर गेली. ६ एप्रिल रोजी यांकीजचा रॉन ब्लोमबर्ग पहिला डीएच म्हणून उतरला आणि भरलेल्या बेसवर त्याला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) मिळाला.

त्यानंतर या जागेने आपल्याला काय दिले, तेही पाहावे. एडगर मार्टिनेझची बॅट मला आजही सर्वांत देखणी वाटते. ०.३१२ ची कारकीर्द सरासरी असलेला तो फलंदाज गुडघे आणि मांड्यांच्या दुखण्यांमुळे तिसऱ्या बेसवर फार काळ टिकला नसता. डेव्हिड ऑर्टिझने ५४१ होम रन मारले. हे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पिचरच्या ०.११० साठी आपण यांना घरी बसवायचे होते का?

दुखापतींचाही विचार व्हावा. यांकीजच्या चिएन-मिंग वांगने २००६ आणि २००७ अशा दोन्ही हंगामांत १९ सामने जिंकले होते. जून २००८ मध्ये ह्यूस्टनला नॅशनल लीगच्या नियमाने खेळताना त्याला बेसवर धावावे लागले, धावताना पायाला गंभीर दुखापत झाली आणि तो पुन्हा कधीही तसा पिचर राहिला नाही. सेंट लुईसचा ॲडम वेनराइट एप्रिल २०१५ मध्ये फटका मारून धावू लागताच त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि जवळपास सगळा हंगाम वाया गेला. ज्या कामात तो मुळात निपुण नाही, त्या कामासाठी त्याचे मुख्य काम पणाला लावणे मला कधीच पटले नाही.

नववी इनिंग

'बुलपेन' यांनी दिलेल्या आकड्यांशी माझा वाद नाही. माझे म्हणणे असे आहे की, पिचरची फलंदाजी ही केवळ त्याच्या बॅटने मोजायची गोष्ट नव्हती. तो नववा क्रमांक सामन्याच्या मधोमध एक अवघड प्रश्न उभा करत असे आणि त्या प्रश्नाचे उत्तर मॅनेजरला सर्वांसमोर द्यावे लागत असे.

सहाव्या इनिंगमधली एक स्थिती डोळ्यांसमोर आणा. धावसंख्या १-१ आहे, दोन बाद आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू आहेत आणि आठव्या क्रमांकाचा चांगला फलंदाज समोर आहे. प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम वॉक देतो, कारण पुढे पिचर आहे. आता तुमच्या पिचरने केवळ पंचाहत्तर चेंडू टाकलेले आहेत आणि त्याचा हात आज उत्तम चालतो आहे. त्याच्या जागी पिंच हिटर पाठवला, तर एक धाव मिळण्याची शक्यता वाढते, पण उरलेल्या तीन इनिंग बुलपेनवर, म्हणजे राखीव पिचरांवर, सोपवाव्या लागतात. त्यालाच फलंदाजीला पाठवले, तर बहुधा इनिंग संपते, पण माउंडवर आपला सर्वोत्तम माणूस कायम राहतो. याला ठरीव उत्तर नव्हते. बाकावर कोण उरले आहे, उद्याच्या सामन्यात बुलपेनची किती गरज आहे, समोरच्या पिचरचा हात थकला आहे की नाही, हे सगळे त्या अर्ध्या मिनिटात तोलावे लागे. याच विचारातून डबल स्विच जन्माला आला : पिचर बदलतानाच एखादा क्षेत्ररक्षकही बदलायचा आणि नव्या पिचरला फलंदाजीच्या क्रमात लांबच्या जागी बसवायचे, म्हणजे त्याची पाळी लवकर येत नाही. डीएच असलेल्या सामन्यात मॅनेजर पिचर बदलतो तेव्हा फक्त पिचरचाच विचार करतो. एक पूर्ण विचारप्रक्रिया खेळातून वजा झाली आहे आणि तिची भरपाई जादा होम रननी होत नाही.

दुसरी गोष्ट न्यायाची आहे. जो दुसऱ्याच्या अंगावर चेंडू टाकतो, त्यालाही कधीतरी बॅट घेऊन उभे राहावे लागे. त्यात एक नैतिक समतोल होता.

आणि तिसरी गोष्ट, जी आकड्यांत मावत नाही. ७ मे २०१६ रोजी सॅन दिएगोत बार्तोलो कोलोनने वयाच्या ४२ व्या वर्षी कारकिर्दीतला पहिला होम रन मारला. मेजर लीगमध्ये पहिला होम रन इतक्या वयात कोणीच मारलेला नव्हता. तो बेसला फेरी मारत असताना सहकाऱ्यांचा जो आनंद दिसला, तो एखाद्या डीएचच्या चाळिसाव्या होम रनला कधी दिसेल? २००८ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये फिलाडेल्फियाच्या जो ब्लँटनने होम रन मारला, तेव्हा १९७४ नंतर प्रथमच वर्ल्ड सीरिजमध्ये पिचरचा होम रन झाला होता. अपेक्षा नसलेल्या माणसाकडून घडलेली गोष्ट पाहण्यासाठीही आपण खेळ पाहतोच ना?

बुलपेन

'नववी इनिंग' यांनी मांडलेला सहाव्या इनिंगचा प्रसंग सुंदर आहे, पण तो १९७५ किंवा १९८५ च्या सामन्यातला आहे. अलीकडे सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंगपलीकडे क्वचितच टिकतो. फलंदाजी क्रम तिसऱ्यांदा फिरून आला की त्याला काढायचे, हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे पिंच हिटर पाठवायचा की नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआपच मिळत असे. आठव्याला वॉक, नवव्याचा स्ट्राइकआउट, किंवा बेसवर कोणी असेल तर सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे नेणारा हलका फटका), हे सर्वांना आधीच ठाऊक असलेले उत्तर होते. आपण हळहळतो आहोत तो प्रश्न डीएच येण्यापूर्वीच बोथट झाला होता.

कोलोनच्या होम रनबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. तो मीही पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाचा एक भाग अजून अनुत्तरित आहे. १९२५ किंवा १९५५ मधले पिचर फलंदाजी करू शकत होते आणि २०२१ मधले करू शकत नव्हते, तर मधल्या काळात नेमके काय बदलले? पिचर कमी दर्जाचे खेळाडू झाले, असे तर म्हणता येणार नाही.

जुने स्कोअरकार्ड

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्या मते मैदानावर नव्हे, मैदानावर येण्याच्या वाटेवर आहे.

लहान वयात बहुतेक ठिकाणी संघातला सर्वांत चांगला खेळाडूच पिचिंग करतो आणि तोच फलंदाजीतही पुढे असतो. शाळेपर्यंत हे चालते. कॉलेजमध्ये आणि मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या) डीएच रुळला, तसतशी पिचरची बॅट तिथेच काढून घेतली गेली. निवड करताना संघ विचारतो, हा पिचर की फलंदाज? एक उत्तर मिळाले की दुसऱ्या कौशल्याचा सराव बंद. डेव्ह विनफिल्ड १९७३ च्या कॉलेज वर्ल्ड सीरिजमध्ये पिचर म्हणून सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्यानंतर मेजर लीगमध्ये थेट आउटफिल्डर म्हणून गेला. जॉन ओलेरूडने १९८८ मध्ये वॉशिंग्टन स्टेटकडून १५ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि फलंदाजीत २३ होम रन मारले. मेजर लीगने त्याला पहिल्या बेसवर उभे केले. दोघांच्याही कारकिर्दी उत्तम झाल्या. पण ते पिचर म्हणून काय करू शकले असते, हे आता कोणालाच कळणार नाही.

उलट बाजूला काय झाले ते पाहा. जो पिचर म्हणून निवडला गेला, तो शाळा सोडल्यापासून चार-पाच वर्षे बॅट न धरता वर चढत गेला आणि मग नॅशनल लीगच्या संघात आल्यावर त्याला ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाचे चेंडू खेळायला सांगितले गेले, तेही पाच दिवसांतून एकदा, दोन पाळ्यांपुरते. रोज खेळणाऱ्या फलंदाजालाही आठवडाभर विश्रांती दिली तर त्याची नजर बिघडते. ०.११० हा आकडा त्या माणसाच्या क्षमतेचा नाही, त्याला मिळालेल्या सरावाचा आहे. आधी शिकवणे थांबवले आणि नंतर येत नाही म्हणून वगळले, अशी ही गोष्ट आहे.

ज्यांनी बॅट सोडली नाही, त्यांना शेवटपर्यंत जमत राहिले. माइक हॅम्प्टनने २००१ मध्ये ७ होम रन मारले. कार्लोस झांब्रानोने २४ होम रनांवर कारकीर्द संपवली. मॅडिसन बमगार्नरने २०१४ च्या एका हंगामात दोन ग्रँड स्लॅम मारले, आणि जून २०१६ मध्ये ओकलंडला डीएच उपलब्ध असतानाही सॅन फ्रान्सिस्कोने तो सोडून त्यालाच फलंदाजीला पाठवले. आपल्या मर्जीने असे करणारा १९७६ नंतरचा तो पहिलाच संघ होता. झॅक ग्रिंकीने २०२१ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये ह्यूस्टनकडून पिंच हिटर म्हणून येऊन हिट मिळवला. वर्ल्ड सीरिजमध्ये पिचरने पिंच हिटर म्हणून हिट मिळवण्याची त्याआधीची वेळ १९२३ मधली होती. नॅशनल लीगच्या जुन्या नियमाने खेळला गेलेला तो शेवटचा सामना होता.

तिसरा बेस

'जुने स्कोअरकार्ड' यांच्या निदानाशी मी सहमत आहे, पण त्यावरून डीएच हटवला तर पिचर पुन्हा फलंदाज होतील, असा निष्कर्ष निघत नाही. तेवढ्यासाठी शाळेनंतरची सगळी वाट बदलावी लागेल, आणि लाखो डॉलर मोजून निवडलेल्या पिचरला सरावासाठी बॅट देण्याची जोखीम कोणताही संघ आपणहून घेणार नाही.

ओतानीच्या बाबतीत काय घडले, ते मला उद्बोधक वाटते. २०१२ मध्ये शाळा संपताना तो थेट अमेरिकेला जायचे म्हणत होता. होक्काइदो निप्पॉन-हॅम फायटर्सने त्याला जपानमध्ये थांबवले, ते दोन्ही कामे करू देण्याचे वचन देऊन. २०१६ मध्ये त्या संघाकडून त्याने १० सामने जिंकले, १.८६ चा ईआरए राखला, २२ होम रन मारले, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात पिचर व डीएच अशा दोन्ही जागी त्याची निवड झाली. हे घडले पॅसिफिक लीगमध्ये, जिथे १९७५ पासून डीएच आहे. डीएच नसलेल्या लीगमध्ये पिचिंगच्या मधल्या दिवसांत त्याला फलंदाजी द्यायची, तर क्षेत्ररक्षणही करायला लावावे लागले असते आणि त्या खांद्यावर तो भार टाकायला कोण धजावले असते? २०२४ चे उदाहरण आणखी ठळक आहे. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षी तो एकही चेंडू टाकू शकणार नव्हता. तरी डॉजर्सकडून त्याने ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस असा हंगाम केला आणि पूर्णवेळ डीएच म्हणून खेळून मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर ठरणारा तो पहिला खेळाडू झाला. नॅशनल लीगमध्ये जुना नियम असता तर तो हंगाम झालाच नसता.

म्हणून माझे मत असे आहे की, डीएच काढण्याचा आग्रह सोडावा आणि नियमाने दुहेरी खेळाडूंना आणखी वाव द्यावा. त्याची सुरुवात झालेली आहे. २६ जणांच्या संघात १३ पेक्षा अधिक पिचर ठेवता येत नाहीत, पण दुहेरी खेळाडू म्हणून पात्र ठरलेला माणूस त्या मोजणीत धरला जात नाही. 'नववी इनिंग' यांच्या समाधानासाठी एक मधला मार्गही आहे. २०२१ मध्ये अटलांटिक लीगने असा नियम करून पाहिला, की सुरुवातीचा पिचर बाहेर गेला की डीएचही जाईल. त्यात मॅनेजरपुढचा तो अवघड प्रश्न परत येतो, सुरुवातीच्या पिचरला अधिक काळ ठेवण्याचे कारणही मिळते आणि मार्टिनेझ-ऑर्टिझसारख्यांची जागाही राहते.

नववी इनिंग

तो नियम मला माहीत आहे आणि मेजर लीगने तो आणला तर मी त्याचे स्वागत करीन. पण त्यात एक अडचण दिसते. डीएच गेल्यावर पुढच्या पाळ्यांना पिंच हिटरच येत राहतील. पिचरच्या हाती बॅट येणारच नाही. मला निर्णय परत मिळेल, कोलोन परत मिळणार नाही. शिवाय ओतानीचे काय? सातव्या इनिंगमध्ये तो माउंडवरून उतरताच डीएच म्हणूनही बाहेर गेला असता. आपण ज्या तिसऱ्या होम रनपासून ही चर्चा सुरू केली, तो त्या नियमात बसतच नाही, जोवर त्याच्यासाठी आणखी एक अपवाद लिहिला जात नाही.

तिसरा बेस

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य आहे; त्या नियमाला अपवादाची जोड द्यावीच लागेल.

जुने स्कोअरकार्ड

एक माहिती इथे जोडतो. जपानच्या सेंट्रल लीगने २०२७ पासून डीएच स्वीकारायचे ठरवले आहे, आणि त्याआधी, २०२६ पासून, जपानच्या शालेय बेसबॉलमध्येही तो येत आहे. मला पहिल्यापेक्षा दुसऱ्या बातमीची अधिक काळजी वाटते. संघाचा मुख्य पिचर हाच चौथ्या क्रमांकाचा फलंदाज, ही त्या शाळांची फार जुनी परंपरा आहे आणि हानामाकी हिगाशी शाळेचा ओतानी त्याच वातावरणात घडला. ज्या मुलाला दोन्ही गोष्टी येतात त्याला डीएच असतानाही पिचर म्हणून फलंदाजी करता येईल, एवढी मोकळीक तिथल्या प्रशिक्षकांनी ठेवली, तर माझी भीती खोटी ठरेल. पुढल्या काही वर्षांत कोशिएनच्या, म्हणजे जपानच्या राष्ट्रीय शालेय बेसबॉलच्या, स्पर्धांमध्ये किती पिचर चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला येतात, हे मी वहीत नोंदवत जाणार आहे. इथल्या कोणाला त्यात साथ द्यायची असेल तर आनंदच होईल.